शकुबाईचे वाटेकरी

माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर नलिनी, म्हणजे माझी बायको, हे वाचून म्हणेल, "स्वतःला फारच सोज्वळ दाखवलंत हो!" सगळी नोकरी गुरांच्या दवाखान्यात गेली. गुरांवर कधी आवाज चढवला नाही, माणसांवर मात्र रोज. आणि ज्या बाईवर सगळ्यांत जास्त ओरडलो, तिच्याबद्दलच आज लिहायला बसलो आहे. तिचे माझ्यावर उपकार आहेत. ते कुणीतरी कागदावर आणायला हवेत, आणि तिला लिहिता येत नाही, म्हणून मी लिहितो. तिला येत असतं तरी तिनं हे लिहिलं नसतं म्हणा.

तिचं नाव शकुबाई. गाव कवठाळवाडी, खजुरीहून सात-आठ किलोमीटर आत. तिथे शेताच्या या बांधावरून त्या बांधावर गेलं की माणूस कर्नाटकातून महाराष्ट्रात जातो, आणि गुरं तर दिवसातून चारदा जातात. गावाच्या उत्तरेला चाळीस एकरांचं गायरान आहे, मुरमाड माळ. त्याच्या कडेला पत्र्याचं छप्पर घातलेली शकुबाईची दोन खणांची खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी लग्न होऊन हुलसूरला. घरात ही आणि हिच्या दोन गाई, कपिली आणि मोरी. गाई गायरानावर चरत आणि शकुबाई गायरानावरचं शेण गोळा करून गोवऱ्या थापी. खव्याच्या भट्टीवाले तिच्याच गोवऱ्या मागत, कारण त्या धूर करत नसत.

या बाईचा एक नियम होता. कारहुणवी ते दसरा, म्हणजे सगळा पावसाळा, गायरानावरच्या शेणाला ती हात लावत नसे. स्वतःच्या दावणीचं उचलायची, त्यावर भागवायची. माझी तिथे बदली झाली त्या पहिल्या वर्षी मी विचारलं, "शकुबाई, एवढं शेण पडलंय, उचलत का नाही?"

"चार महिने ते वाटेकऱ्याचं हाय, डाक्टरसाब."

मी डॉक्टर नव्हे, साधा निरीक्षक. पण खेड्यात सुई धरणारा प्रत्येक जण डॉक्टर असतो आणि मीही कधी कुणाची चूक दुरुस्त केली नाही. मला वाटलं, दिरांशी काही वाटणी झाली असेल.

"वाटेकरी कोण? दीर?"

"दीर कामून? किडे. शेनकिडे." आणि तिनं पायाशी बोट दाखवलं. एक काळा भुंगा मागच्या पायांनी शेणाची गोळी ढकलत उलटा चालला होता, डोकं जमिनीला लावून. "माझ्या सासूनं घालून दिलंय. चार महिने त्येंचे, आठ महिने आपले. त्ये खाली नेतेत, मातीत. मग गवत येतंय. गवत आलं तर गाय, गाय ऱ्हायली तर शेन. त्येंनी न्हाई नेलं तर आपल्याला कुठलं?"

मी हसलो. दवाखान्यात जाऊन शिपायाला सांगितलं, तोही हसला. गावात तर तिला 'किड्यांची भावजय' म्हणत. ती ऐकून घ्यायची, आणि मनात आलं तर म्हणणाऱ्याच्या सात पिढ्यांची चौकशीही करायची.

आता माझी हुशारी सांगतो. गुरांच्या पोटात जंत होतात, अंगावर गोचीड होतात. दोन्हींवर एक सुई असते, चांगली सुई, तिला दोष नाही. पंचाईत ही की गुरं एका जागी सापडत नाहीत. कुणाचं शेतात, कुणाचं माळावर, कुणाचं हद्दीपलीकडे सोयऱ्याकडे. सगळी गुरं एकत्र सापडतात असा वर्षातला एकच दिवस असतो, तो म्हणजे कारहुणवीचा आदला दिवस. ज्येष्ठाच्या पुनवेला कारहुणवी. बैलांना धुवायचं, शिंगं रंगवायची, संध्याकाळी वेशीत पळवून कर, म्हणजे वेशीवर बांधलेलं तोरण, तोडायची, म्हणून आदल्या दिवसापासून झाडून सगळी गुरं गावात असतात. मी मारुतीच्या पारापाशी टेबल टाकलं. सण म्हणून लोक खुशीत, गुरं बांधलेली. तीन तासांत दोनशे बारा गुरं टोचून मोकळा! असं एका वर्षी नाही, चार वर्षं केलं. तालुक्यात शंभर टक्के काम फक्त माझं. मला प्रशस्तिपत्र मिळालं, ते मी चौकट करून टेबलामागे लावलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशा बेतानं खुर्ची थोडी सरकवली.

त्याच चार वर्षांत गायरान बिघडत गेलं. शेणाचे पो पडले तिथेच वाळायचे, वर कडक पापुद्रा धरायचे. पोच्या खाली गवत मरायचं, पोभोवतीच्या गवताला गुरं तोंड लावत नसत, कारण गाय आपल्या शेणाशेजारी चरत नाही. माश्या इतक्या वाढल्या की गुरं उभ्या उभ्या शेपट्या मारून थकायची. जमीन टणक झाली, पाऊस पडला की पाणी वरच्या वर वाहून जायचं. मी आपला म्हणायचो, पाऊस बदललाय. तेवढं म्हटलं की सगळ्यांचं समाधान होतं.

एकट्या शकुबाईचं झालं नाही. खरं तर तिची चंगळ होती. दसरा झाला की ती टोपलं घेऊन गायरानावर जाई, आणि पूर्वी जिथे शोधशोधून शेण मिळे तिथे आता पाट मांडल्यासारखे अख्खे पो. एका दसऱ्याला तिनं बैलगाडी भरून शेण आणलं. बायका म्हणाल्या, "अक्का, तुझं नशीब उघडलं!" शकुबाई त्या गाडीकडे बघत रडली. मला हे नलिनीनं सांगितलं, तेव्हा मी म्हणालो, "आनंदाश्रू असतील." माझ्या अकलेचं हे माप.

आणि मग पंचायतीत विषय निघाला. अध्यक्ष शिवशंकरप्पा, माणूस सरळ. एका कंत्राटदारानं गायरानातला मुरूम मागितला होता. शिवशंकरप्पा म्हणाले, "गवत देत न्हाई ती जमीन निदान रस्त्याला मुरूम तरी दिऊ दे." कुणीच विरोध केला नाही. ज्यांना शेत आहे त्यांच्या गुरांना बांध होते, कडबा होता. शकुबाईला बांध नव्हता. गायरान गेलं की कपिली आणि मोरी विकायच्या आणि मुलीच्या सासरी एका कोपऱ्यात जाऊन बसायचं, एवढाच रस्ता तिला उरत होता. दसऱ्यानंतरच्या ग्रामसभेत ठराव व्हायचा होता.

त्या वर्षीची कारहुणवी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. मी दवाखान्यात चहा पीत होतो. शकुबाई आत आली आणि तिनं डोक्यावरचं टोपलं थेट माझ्या टेबलावर ठेवलं, नोंदवहीवर. टोपल्यात केळीच्या पानावर शेणाचे दोन पो.

मी ओरडलो ते रस्त्यापर्यंत ऐकू गेलं म्हणतात. ती थांबली. माझा श्वास संपल्यावर म्हणाली, "झालं? आता बगा."

एक पो भुसभुशीत, चहाच्या पुडीसारखा मोकळा झालेला, त्यात बारकी-मोठी भोकं, काळे चकचकीत भुंगे आत-बाहेर करताहेत. दुसरा घट्ट, अख्खा. तिनं काडीनं तो फोडला. आत तीनच भुंगे होते. एक मेलेला, दोन उलटे पडून पाय हलवत होते, दारू प्यालेल्या माणसासारखे. बारीक अळ्या होत्या, त्याही काळ्या पडलेल्या.

"दोनी माझ्याच दावनीचे. एका दिवसाचे, एका वैरनीचे. ह्ये कपिलीचं," तिनं भुसभुशीत पो दाखवला, "आन ह्ये मोरीचं. मोरीला तुमी टोचलंय."

"आणि कपिलीला?"

ती पहिल्यांदा खाली बघू लागली. "कपिली दिवस भरलेली गाभन होती. आज-उद्या येईल अशी. मला भ्या वाटलं. मी तिला खोलीत कोंडली आन गर्दीत तुमाला सांगितलं टोचली मनून."

इथे शहाण्या माणसानं शेणाकडे बघितलं असतं. मी नोंदवहीकडे बघितलं. दोनशे बारापैकी दोनशे बारा! चौकटीतलं प्रशस्तिपत्र! या बाईनं माझ्या शंभर टक्क्यांना भोक पाडलं होतं. मी पुन्हा सुरू झालो. खोटं बोलता, सरकारी कामात अडथळा आणता, गाय मेली तर जबाबदार कोण, वगैरे. ती म्हणाली, "गाय मेली तर माझी मरंल, डाक्टरसाब. पन माझे वाटेकरी मरायलेत, त्येंचं कोन बगायचं?" आणि टोपलं तिथेच ठेवून निघून गेली.

तो दिवस मी रागात काढला. दुसऱ्या दिवशी राग उतरला आणि लाज वाटू लागली. तिसऱ्या दिवशी मी तिच्या दारात गेलो आणि म्हणालो, "दोन्ही गाईंचं ताजं शेण द्या, मला बघायचंय." आम्ही गायरानावर दोन पो शेजारी शेजारी ठेवले. रोज सकाळी मी घड्याळ आणि वही घेऊन जायचो. पाचव्या दिवशी कपिलीच्या शेणाच्या जागी भुगा उरला होता आणि खाली बोटभर जाडीची बिळं. मोरीचा पो जसाच्या तसा होता. वर माझ्या ओळखीची माशी बसली होती.

बीदरला शिकवणाऱ्या माझ्या एका जुन्या सरांना फोन केला. ते म्हणाले, "नवल काही नाही. ते औषध पुढे कित्येक दिवस शेणातून बाहेर पडतं. मोठा किडा लुळा होतो, अळी मरते. जंतांची अंडी शेणात असतात, ते शेण किडे खाली नेतात, सुकवतात, म्हणून गवतावर जंत कमी येतात. तुझं निम्मं काम ते फुकटात करतात मुकुंदा." मग त्यांनी विचारलं, "टोचता कधी तुम्ही?"

"कारहुणवीच्या आदल्या दिवशी. सगळी गुरं."

सरांनी माझ्याकडून तो दिवस पुन्हा एकदा वदवून घेतला.

"अरे," सर हळूच म्हणाले, "मृगाचं पाणी मुरलं की तो किडा जमिनीतून वर येतो. आठ महिन्यांचा उपाशी. त्याच पंधरवड्यात अंडी घालतो. आणि तू नेमक्या त्याच दिवशी गावातल्या सगळ्या ताटांत विष कालवतोस."

चुकीचा एकच दिवस निवडायचा ठरवला असता, तरी याहून चुकीचा दिवस मला सापडला नसता. तो मी चार वर्षं, सणाचा मुहूर्त साधून, हौसेनं पाळला होता. मी फोन ठेवला. चौकटीतलं प्रशस्तिपत्र उतरवून कपाटामागे ढकललं.

दसऱ्यानंतर ग्रामसभा झाली. मुरमाचा ठराव वाचला गेला. मी उठलो. जन्मात कुणाची माफी मागितली नव्हती, त्यामुळे कशी मागतात ते नीट ठाऊक नव्हतं. मी सरळ म्हणालो, "गायरान पावसानं बिघडलं नाही, मी बिघडवलं. शकुबाईंनी पहिल्याच वर्षी किड्यांचं सांगितलं होतं, मी हसलो. माझं चुकलं." माझ्या ओरडण्याची सवय असलेल्या लोकांना माझं हे बोलणं पचेना.

शिवशंकरप्पा म्हणाले, "तुमचं चुकलं ते खरं असंल साहेब, पन किडे आले आन गवत आलं मनून आमाला कसं कळायचं?"

तेव्हा शकुबाई मागून उठली. पदर डोक्यावर नीट घेतला.

"अप्पा, मला एक वरीस द्या. पुढल्या दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी टोपलं घिऊन गायरान फिरते. तुमी संगट या. त्या दिवसाचं ताजं सोडून जेवढं शेन मिळंल तेवढं उचलते. टोपलं भरलं, तर गायरान दिऊन टाका. मीच मुलीकडं जाते. न्हाई भरलं, तर ऱ्हाऊ द्या."

लोक हसले. शेणावर पोट असलेली बाई रिकाम्या टोपल्यावर पैज लावत होती. शिवशंकरप्पा मात्र हसले नाहीत. त्यांनी ठराव वर्षभर बाजूला ठेवला.

गुरांना जंत तर होतेच, टोचायचं तर होतंच. म्हणून मी ते येळवसेला न्यायचं ठरवलं. मार्गशीर्षाच्या अवसेला आमच्याकडे सगळा गाव शेतात जेवतो. तेव्हा थंडी असते, माती कोरडी, किडे जमिनीखाली. पण गुरं जिथल्या तिथे, म्हणजे मलाच शेतोशेती फिरायचं. येळवसेच्या आधी आणि नंतर मिळून आठ दिवस मी पायपीट केली. दात-कातडी बघून ज्याला खरंच गरज त्यालाच टोचलं. शकुबाई पुढे चालायची, गुराचं वेसण धरायची, आणि मालकानं कुरकुर केली तर त्याला गप्प करायची. येळवसेच्या दिवशी तर शेताशेतातल्या कडब्याच्या प्रत्येक कोपीतून हाका. बाजरीचे उंडे, भज्जी, मडक्यातलं आंबील. नाही म्हटलं तर लोकांना राग येतो आणि माझा राग तेवढ्यापुरता चालत नाही. संध्याकाळी मला उठून उभं राहता येईना. शकुबाई म्हणाली, "आता तुमालाच सुई मारावं लागतंय."

कारहुणवी आली. चार वर्षांनी पहिल्यांदा पारापाशी माझं टेबल नव्हतं. शिंगं रंगली, कर तुटली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी गायरानावर गेलो. काही नाही. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही काही नाही. आपण कायमचेच मारले की काय? त्या दिवसांत मी घरात कुणाशी भांडलो नाही, तेव्हा नलिनीला काळजी वाटून तिनं माझा ताप बघितला.

आठव्या दिवशी शकुबाईनं मला लांबूनच हात केला. मी धावत गेलो. एक भुंगा, एकच, गोळी ढकलत होता. गोळी त्याच्याहून मोठी. पुढे एका झुडपाचा जुना खुंट आला. चढायचा, गोळी घसरायची, हा तिच्याबरोबर उलटा पडायचा, पुन्हा उठून मागचे पाय लावायचा. मला राहवेना. मी खाली वाकून खुंट उपटायला हात घातला.

"हात लावू नका!" शकुबाई माझ्यावर ओरडली. माझ्यावर! "त्येला त्येचं कळतंय. तुमी लई मदत केलीत आत्तापत्तर."

मी हात मागे घेतला. चाळीस मिनिटं आम्ही दोघं उन्हात उभे होतो. शेवटी तो खुंटाला वळसा घालून गेला, एका जागी थांबला, खालची माती उकरू लागला आणि गोळी हळूहळू जमिनीत गेली. त्या गोळीत त्याची मादी अंडं घालणार होती. माझे डोळे भरून आले, हे लिहायला मला आता लाज वाटत नाही. हद्दीपलीकडच्या माळांवरून आले असतील, आमच्याच जमिनीत खोल टिकलेले असतील, पण त्यानंतर ते येत राहिले. संध्याकाळी घूंऽ करत कानाजवळून जायचे. गोळी ढकलणारे, शेणाखालीच बीळ पाडणारे, नुसते शेणातच राहून ते भुगा करणारे. जमीन त्यांनी नांगरली म्हणा ना.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी निम्मा गाव गायरानावर होता. सगळं गायरान हिरवंगार झालं होतं असं म्हटलं तर खोटं होईल. दक्षिणेकडचा टणक पट्टा अजून उघडाच होता. पण ओढ्याच्या बाजूला गवत गुडघ्याला लागत होतं आणि गुरं मान वर न काढता चरत होती. शकुबाई टोपलं कमरेवर घेऊन चालत होती, मागे शिवशंकरप्पा, त्यांच्या मागे मी. एका जागी तिला एक वाळका पो दिसला. ती वाकली, बोटं खाली घातली. पो हातातच विरला, भुगा झाला. तिनं तो तिथेच सोडला. पुढे मात्र चार अख्खे मिळाले, टणक पट्ट्यावर, ते तिनं इमानदारीत उचलून टोपल्यात टाकले. मीच म्हणत होतो, राहू द्या, एवढे कशाला. तिनं माझ्याकडे नुसतं बघितलं.

तीन तासांनी ती परत गायरानाच्या कडेच्या वडाखाली आली आणि टोपलं शिवशंकरप्पांच्या पुढ्यात ठेवलं. तळाशी चारच पो होते. शिवशंकरप्पांनी टोपल्यात बघितलं, गायरानाकडे बघितलं, धोतराचा सोगा सावरला.

"मुरूम दुसरीकडं बगू," ते म्हणाले.

मी शकुबाईपुढे हात जोडले, चारचौघांत. "शकुबाई, तुमचे फार उपकार झाले."

"मला कामून हात जोडायलाव?" ती चिडूनच म्हणाली. "मी कुठं काय केलं? मी तर निसती उचलायची थांबले." मग तिचाच आवाज बदलला. तिनं पायाखालच्या मातीला हात लावला आणि तो कपाळाला लावला. "लई राबलेत बिचारे," एवढंच म्हणाली.

आता मी निवृत्त होऊन कलबुर्गीत राहतो. माझ्या जागी आलेला मुलगाही येळवसेलाच टोचतो, मी दरवर्षी फोन करून त्याच्यावर ओरडून खात्री करून घेतो. कपिलीची कालवड आता गाभण आहे. आणि कारहुणवीला मी न चुकता कवठाळवाडीला जातो.

पण मला आठवते ती त्या दिवशीची शकुबाई. ते चार पो तिनं वडाखालीच टाकले, टोपलं झटकलं आणि डोक्यावर उपडं घालून गावातून घरी निघाली. पावसाळ्याचं साठलेलं शेण त्या वर्षी तिला थापायला मूठभरही मिळणार नव्हतं. दारात बसलेल्या चंद्रभागाबाईनं विचारलं, "काय मिळालं गं अक्का?"

नातू झाल्याची बातमी सांगावी तशी ती मोठ्यानं म्हणाली, "कायच न्हाई, बाई! कायच न्हाई!"